बुटांसकट पाहुणचार

ओहायोतल्या ज्या गल्लीत आमच्या आयुष्याची दहा-अकरा वर्षे गेली, ती सोडण्याच्या दिवशी दाराशी सामानाचा ट्रक उभा होता. समोरच्या घरातले गृहस्थ रस्ता ओलांडून आले, माझा हात हातात घेऊन त्यांनी तो मनापासून हलवला आणि ट्रककडे पाहत म्हणाले, "वेलकम! आजच राहायला आलात वाटतं?"

मी "हो" म्हणालो.

ते "हो" मी का म्हणालो, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला आहे. खरे सांगितले असते, तर त्या भल्या माणसाला खजील व्हावे लागले असते. आणि माझ्यादेखत कोणी खजील झाले, की तो मला माझाच अपराध वाटतो. त्यांनी मला गावातला एक चांगला दंतवैद्य सुचवला. मी लक्षपूर्वक ऐकून घेतले, आभार मानले, आणि तासाभरात आम्ही ते गाव कायमचे सोडले.

कॅनडाची सरहद्द ओलांडल्यावर बायकोने गाडीत विचारले, "अहो, आपण तिथे राहत होतो ना?"

हॅलिफॅक्सच्या एका इस्पितळात, संगणक विभागात, मला नोकरी मिळाली होती. पन्नाशी उलटल्यावर देश बदलण्याची हौस तिला नव्हती. मुलगी ओहायोतच नोकरीला होती, मराठी मंडळातल्या मैत्रिणी तिथेच होत्या. नव्या घरात आल्यावर तिने सामानाची सगळी खोकी बेसमेंटमध्ये नीट रचून ठेवली आणि एकही फोडले नाही.

"इथलं एक तरी माणूस आपल्या घरी येऊन आपल्या ताटात जेवलं, की खोकी फोडीन," ती म्हणाली. "मंडळातलं नाही हं. इथलं. तिकडे जन्म काढला आणि समोरच्याला आपला पत्ता नव्हता. उन्हाळ्यापर्यंत कोणी आलं नाही, तर खोकी आहेत तशी ट्रकमध्ये चढतील. पोरीजवळ जाऊन राहू."

ही थट्टा नव्हती, हे मला पोळ्यांवरून कळत होते. तिचा माहेरचा लोखंडी तवा खोक्यात होता. ती एका उथळ फ्राइंग पॅनवर पोळ्या करत होती. त्या कडेला कच्च्या आणि मध्ये करपलेल्या निघत आणि ती त्या मला प्लास्टिकच्या बशीत वाढत असे.

मला मात्र त्या गावात राहायचे होते. कारण सांगायला संकोच वाटतो. उगाच क्षमा मागत राहण्याच्या ज्या सवयीबद्दल मी जन्मभर घरच्यांची बोलणी खाल्ली, तो तिथे सगळ्या गावाचा स्वभाव होता. पहिल्याच आठवड्यात कपड्यांच्या दुकानात माझा धक्का एका पुतळ्याला लागला आणि मी त्याला "सॉरी" म्हणालो. शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी हे पाहिले आणि वळून मला म्हणाल्या, "सॉरी." पुतळ्याच्या वतीने म्हणाल्या, की माझ्या वतीने, की पाहिल्याबद्दल, हे मला आजही ठरवता आलेले नाही. पण तेवढ्याने मला आपल्या माणसांत आल्यासारखे वाटले. या लोकांत वावरताना माझ्याकडून चूक होणार नाही, अशी माझी खात्री झाली.

माझे पुढचे सारे वागणे या खात्रीतून झाले. कॅनडा म्हणजे थोडी थंड अमेरिका, असे मी धरून चाललो होतो. मोटारी त्याच, दुकाने तशीच, इंग्रजी तीच. अमेरिकेत वावरण्याची जी शिस्त मी कष्टाने कमावली होती, ती जशीच्या तशी इथे चालेल, अशी माझी समजूत होती.

त्या शिस्तीतला सर्वांत अवघड धडा बुटांचा होता. अमेरिकेत नवा असताना मी साहेबांच्या घरी जेवायला गेलो आणि सांगलीत वाढलेल्या कोणाही माणसासारखे दारातच बूट काढले. माझ्या डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. साहेबांच्या पत्नी हसून म्हणाल्या, "प्लीज, राहू द्या हो बूट." सगळे पाहुणे बुटांनिशी गालिच्यावर उभे होते आणि मी एकटा, अंगठ्यासह, अनवाणी असल्यासारखा. त्या दिवसापासून मी स्वतःला घडवले. दुसऱ्याच्या घरात बूट घालून शिरताना माझी पोटरी थरथरत असे. ती थांबायला काही वर्षे लागली. आईने लावलेले ते वळण मी अंगावरून घासून काढले, आणि ते गेल्यावर मला त्याचा थोडा अभिमानही वाटला.

हॅलिफॅक्समध्ये पहिले मोठे वादळ झाले, तेव्हा सकाळी उठून पाहतो, तर आमच्या दारापासून रस्त्यापर्यंतचा बर्फ कोणीतरी आधीच फावड्याने काढून टाकला होता. शेजारचे गृहस्थ त्यांच्या स्वतःच्या वाटेवर अजून झटत होते. म्हणजे त्यांनी आमची वाट आधी केली होती. ते सत्तरीचे, गोदीत जहाजदुरुस्ती करून निवृत्त झालेले, विधुर, एकटे राहणारे. मी धावत जाऊन आभार मानले.

"सॉरी," ते म्हणाले. "आवाजाने झोपमोड तर नाही ना झाली?"

"नाही नाही, सॉरी, मीच लवकर उठायला हवं होतं."

"चहाला या ना दुपारी. माझी बहीणही यायची आहे. बायकोलाही आणा."

बायकोला सर्दी झाली होती. ती म्हणाली, "तुम्ही जा. आणि येताना त्यांना इकडे जेवायला बोलावून या. विसरू नका." मला ते वाक्य एखाद्या दूताला दिलेल्या संदेशासारखे वाटले. आमच्या खोक्यांचे भवितव्य त्यावर होते.

मी गेलो. दारात रबरी ट्रेवर बूट ओळीने मांडून ठेवलेले होते. ते मला दिसले नाहीत, असे मी म्हणू शकत नाही. दिसले, आणि माझ्या मनात आले की गोरगरिबांना देण्यासाठी काढून ठेवले असावेत. चांगला माणूस आहे, असेही मनात आले. मी त्या बुटांना वळसा घालून, माझ्या गुडघ्यापर्यंतच्या बुटांनिशी, रस्त्यावरचा चिखल, विरघळता बर्फ आणि त्यावर टाकलेले खडेमीठ यांच्यासह, दिवाणखान्याच्या मधोमध जाऊन उभा राहिलो.

यजमान लोकरी मोज्यांवर होते. त्यांची बहीणही मोज्यांवर होती. त्या दोघांनी माझ्या पायांकडे पाहिले, मग एकमेकांकडे पाहिले.

"सॉरी," यजमान म्हणाले आणि आत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या पायांत बूट होते. बहीणही "सॉरी, एक मिनिट" म्हणून उठली आणि बागकामाचे हिरवे रबरी बूट घालून, अत्यंत शांत चेहऱ्याने, माझ्यासमोर येऊन बसली.

तिघांनी बूट घालून चहा घेतला. ओटच्या बिस्किटांवर लोणी लावून खाल्ले. माझ्या बुटांवरचा बर्फ वितळून थेंब थेंब खाली पडत होता आणि यजमान हवामानाविषयी माझ्यापेक्षा मोठ्याने बोलत होते. तो आवाज मला ऐकू येऊ नये म्हणून, हे मला आता कळते. या लोकांची रीत किती औपचारिक, असे मला वाटले. पाहुणा आला की बूट घालून बसतात.

निघताना मी त्यांना जेवायचे आमंत्रण दिले. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "जरूर. नक्की येईन. पण आत्ता लगेच नाही. सॉरी." आणि त्यांची नजर पुन्हा एकदा खाली, माझ्या बुटांवर गेली.

चार-पाच दिवसांनी बायको खिडकीशी उभी होती. "अहो, इकडे या. तुमचे शेजारी काय करतायत बघा."

शेजाऱ्यांनी अंगणातल्या बर्फावर एक छोटा गालिचा पालथा टाकला होता आणि ते केरसुणीने त्याला पाठीवर झोडपत होते. थांबत, उलटा करून पाहत, आणि पुन्हा झोडपत.

"काय अपराध केला असेल हो त्याने?" बायको म्हणाली.

तो गालिचा माझ्या ओळखीचा होता. चहाच्या दिवशी मी त्यावरच उभा होतो. रंगीत चिंध्या गुंफून त्यावर एक तपकिरी कुत्रा काढलेला होता, आणि माझी टाच बहुधा त्याच्या तोंडावर होती.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात मी ही हकीकत, सहज म्हणून, माझ्या विभागातल्या एका तरुण सहकाऱ्याला सांगितली. तो नागपूरचा, त्याला कोणतीही गोष्ट हळू आवाजात बोलता येत नाही.

"बूट घालून गेले तुम्ही? घरात?" तो ओरडला. "अरे बाप्पा! सर, इथे प्लंबर आला तरी दारात बूट काढते! ही काय अमेरिका आहे का?"

"पण तेही बूट घालूनच बसले होते."

"ते तुम्हाला लाज वाटू नये म्हणून घातले असतील त्यांनी! तुम्ही काहून नाही समजले?"

मी खुर्चीत बसलो होतो, तरी मला बसावेसे वाटले. ज्या माणसाला जन्मापासून दारात बूट काढायचे शिकवलेले होते, त्याने परिश्रमपूर्वक ते विसरून, नेमक्या त्याच देशात येऊन घाण केली होती जिथे लोक आपल्यासारखेच बूट काढतात. आणि मला लाज वाटू नये म्हणून एका वृद्ध माणसाने, स्वतःच्या घरात, स्वतःच्या हाताने पुसलेल्या फरशीवर बूट चढवले होते.

घरी आल्यावर मी बायकोला सगळे सांगितले. तिने शांतपणे विचारले, "तो गालिचा कसला होता म्हणालात?"

"जुन्या कपड्यांच्या चिंध्यांचा. त्यांच्या दिवंगत बायकोने केलेला असावा. भिंतीवरच्या फोटोत ती तोच मांडीवर घेऊन बसली होती."

"म्हणजे गोधडीच की," ती म्हणाली. "त्या बिचारीच्या गोधडीवर बूट घालून उभे होतात तुम्ही." ती स्वयंपाकघरात गेली. त्या दिवशीच्या पोळ्या मधोमध फारच काळ्या होत्या.

क्षमा मागायला जाणे भाग होते. मी नवे मोजे विकत घेतले, अंगठे तपासले, आणि शेजाऱ्यांच्या दारात बूट काढून ते त्या रबरी ट्रेवर अगदी सरळ लावून ठेवले. दार उघडले. यजमान समोर उभे होते, बूट घालून. मी येताना त्यांना खिडकीतून दिसलो असणार. घाईत बांधलेली एक नाडी लोंबत होती.

त्यांनी माझ्या मोज्यांकडे पाहिले. मी त्यांच्या बुटांकडे पाहिले.

"सॉरी," ते म्हणाले आणि वाकून नाडी सोडू लागले.

मला वाटले, हे माझ्यासाठी पुन्हा कष्ट घेत आहेत. "सॉरी, नको, तुम्ही राहू द्या," असे म्हणत मी मागे वळलो आणि पटकन माझे बूट पायांत घातले. वर पाहतो तो ते मोज्यांवर उभे होते. त्यांनी माझे बूट पाहिले, "ओह, सॉरी!" म्हणाले, आणि हातातला बूट पुन्हा पायात घालू लागले. मी माझा काढू लागलो. हे किती वेळ चालले ते ठाऊक नाही. शेवटी दोघेही दमलो, तेव्हा माझ्या एका पायात बूट होता आणि त्यांच्याही. मग त्याच अवस्थेत आम्ही आत जाऊन बसलो आणि त्यांनी चहा ठेवला.

गालिचा जागेवर नव्हता. लाकडी फरशीवर तेवढाच चौकोन गडद दिसत होता.

"त्या दिवसाबद्दल," मी म्हणालो, "मी मनापासून सॉरी आहे."

"छे छे, मीच सॉरी," ते म्हणाले. "तुम्ही अवघडून गेला असाल."

"नाही, अवघडलात तुम्ही. चूक माझी होती."

"चूक कसली? सॉरी, साखर किती?"

आपली क्षमायाचना अशी परत येते, हा अनुभव मला नवा होता. आयुष्यभर मी इतरांना हेच करत आलो होतो, हे त्या चौकोनाकडे पाहताना माझ्या ध्यानात आले. कोणी माझ्यापाशी काही कबूल करायला आले, की मी घाईघाईने "अहो, माझंच चुकलं" म्हणून त्याचे तोंड बंद करत असे, आणि त्याला नम्रता समजत असे. समोरचा माणूस आपले ओझे जसेच्या तसे घेऊन परत जात असला पाहिजे. मीही माझे घेऊन परत गेलो. जाताना पुन्हा जेवणाचे आमंत्रण दिले. "नक्की," ते म्हणाले. "फक्त अजून थोडे दिवस. सॉरी."

ते थोडे दिवस सरेनात. मी फाटकाशी विचारले, बर्फ काढताना विचारले, बसच्या थांब्यावर विचारले. प्रत्येक वेळी ते ओशाळून म्हणत, "अजून नाही, सॉरी." आमच्या वाटेवरचा बर्फ मात्र ते न चुकता आधी काढत राहिले, त्यामुळे ते रागावले आहेत, असे ठरवून टाकण्याचे समाधानही मला मिळत नव्हते. एप्रिल लागला. बर्फाचा चिखल झाला. बायकोने मुलीला फोनवर, "वरची खोली रिकामी करून ठेव," असे सांगितलेले मी ऐकले.

"एक सत्यनारायण करू," ती फोन ठेवून म्हणाली. "आलो तेव्हा केला नाही, निदान जाताना तरी." पूजेची भांडी खोक्यात होती, पण खोकी ती फोडणार नव्हती. नागपूरकर सहकारी आणि त्याची बायको त्यांच्याकडचा चौरंग, तांब्या, पळी-पंचपात्र असे सारे घेऊन येणार होते. गुरुजी सांगलीहून टॅबलेटवर पूजा सांगणार होते. मी शेजाऱ्यांना शेवटचे आमंत्रण दिले. या वेळी त्यांचा चेहरा उजळला. "शनिवारी? शनिवारी मला जमेल," ते म्हणाले. मी घरी येऊन हे सांगितले, तर बायको म्हणाली, "आल्यावर बोलू."

शनिवारी सकाळी चौरंग मांडला. केळीचे खांब मिळण्याचा प्रश्नच नव्हता. नागपूरकराने त्याच्या घरातल्या शोभेच्या झाडाच्या कुंड्या दोन्ही बाजूंना ठेवल्या. गुरुजींचा टॅबलेट पोह्यांच्या डब्याला टेकवून जमिनीवर उभा केला होता. मी रेशमी सोवळे नेसून, उपरणे घेऊन, पाटावर बसलो. गणपतिपूजन झाले, कलश झाला, आणि दाराची घंटा वाजली.

नागपूरकराने दार उघडले. शेजारी आत आले. कोट, टाय, हातात पुठ्ठ्याच्या खोक्यात केक. आणि पायांत बूट: काळे, नव्याने पॉलिश केलेले, आरशासारखे. पायपुसण्यावर उभे राहून त्यांनी खिशातला रुमाल काढला, वाकून बुटांच्या टोकांवरचा चिखल टिपला, आणि सरळ होऊन, मंदिरात चालावे तितक्या अदबीने, ते चौरंगाच्या दिशेने चालू लागले.

मला सगळे एकदम उमगले. माझ्या पहिल्या भेटीवरून त्यांनी आमची रीत ठरवली होती, आणि दुसऱ्या भेटीत मी दारात घाईने पुन्हा बूट चढवल्याने ती पक्की झाली होती. आमच्या लोकांत बूट घालून घरात जाणे हा मान आहे, असे त्यांनी धरले होते, आणि तो मान द्यायला ते आले होते.

त्यांना अडवायला हवे होते. पण एकीकडे चौरंगावर देव होता; दुसरीकडे तो माणूस, ज्याने मला लाज वाटू नये म्हणून आपल्या घरात बूट घातले होते. त्या चहाच्या दिवशी त्यांनी जे केले, ते करण्याची आता माझी पाळी होती, याविषयी मला यत्किंचितही शंका वाटली नाही. मी पाटावरून उठलो, कपाटापर्यंत गेलो, आणि सोवळ्याचा काठ वर धरून माझे बर्फाचे बूट पायांत चढवले.

"काय करून राहिले सर तुम्ही?" नागपूरकर किंचाळला. "सोवळ्यावर बूट!"

"हळू बोला," मी म्हणालो. "त्यांना वाईट वाटेल."

"देवाला काय वाटेल ते पहा ना!"

त्याच्या बायकोने त्याचा हात धरला. पण तीही पदर तोंडात कोंबून भिंतीकडे वळली होती. मी बुटांनिशी, जड पावलांनी परत येऊन शेजाऱ्यांच्या बाजूला उभा राहिलो. ते माझ्याकडे पाहून समाधानाने हसले. आपण बरोबर केले, अशी त्यांची खात्री पटली होती.

डब्याला टेकलेल्या टॅबलेटमधून गुरुजींचा आवाज आला, "यजमान, मला इथून बूट दिसतायत."

"हो गुरुजी."

"आधी दोन होते. आता चार झाले."

"हो गुरुजी. थोडं समजून घ्या."

तेव्हा बायको उठली. तिने हळदीकुंकवाचे बोट पुसले, शेजाऱ्यांच्या समोर उभी राहिली आणि आयुष्यात प्रथमच इथल्या माणसाशी इतके थेट इंग्रजी वाक्य बोलली. "प्लीज, बूट काढा." मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "आणि तुम्हाला वेगळं सांगायला हवं का?"

मी डोळे मिटून घेतले. आता ते खजील होतील, केक ठेवून निघून जातील, आणि आमची खोकी ट्रकमध्ये चढतील.

"ओह, थँक गॉड," शेजारी म्हणाले.

मी डोळे उघडले. ते खरोखरच सैल पडले होते. "मला वाटलं, तुमच्याकडे घालूनच यायचं असतं," ते म्हणाले. "माझ्याकडे फक्त कामाचे बूट होते. एक चांगला जोड होता, बायकोच्या अंत्यविधीला घातलेला, पण त्याचे तळ गेले होते. हिवाळाभर चांभाराकडे पडून होता. परवा मिळाला. कामाच्या बुटांनी तुमच्या घरात कसा येणार?"

म्हणजे ते रागाने टाळत नव्हते. तळ बसवून मिळण्याची वाट पाहत होते.

ते केक खाली ठेवून खुर्चीवर बसले आणि नाडीला हात घालू लागले. पण गाठी नव्या आणि घट्ट होत्या आणि कमरेतून त्यांना फार वाकवत नव्हते. मी पुढे झालो, त्यांच्यासमोर गुडघे टेकले आणि त्यांच्या नाड्या सोडू लागलो.

"उत्तम!" टॅबलेटमधून गुरुजी म्हणाले. त्यांना एवढेच दिसत असावे, की सोवळे नेसलेला यजमान कोणाच्या तरी पायाशी वाकला आहे. "आलेल्या पाहुण्याला नमस्कार केलात. छान केलंत. आता पाटावर या."

पण मी लगेच उठलो नाही. त्यांच्या पायाशी असताना त्यांचा चेहरा दिसत नव्हता, आणि म्हणूनच कदाचित मला बोलता आले. "त्या दिवशी मी तुमच्या बायकोने केलेल्या गालिच्यावर बुटांनिशी उभा राहिलो," मी म्हणालो. "सॉरी."

त्यांच्या "सॉरी"ची वाट पाहत मी गाठ सोडत होतो. ते आले नाही.

"हो," ते म्हणाले. "वाईट वाटलं होतं मला. खूप."

एवढेच. हिवाळाभर मी ज्याची वाट पाहत होतो, ते हेच वाक्य होते, हे ऐकल्यावर कळले. माझ्या हातातली गाठ सुटली.

"बर्फावर पालथा घालून झोडला, की स्वच्छ होतो तसला गालिचा," ते म्हणाले. "आई करायची तसं. बाकी सगळं निघालं. फक्त मिठाचा एक पांढरा डाग राहिला, कुत्र्याच्या तोंडावर. तो आमचाच कुत्रा. शेवटी म्हातारा झाला होता, खरं म्हणजे. तोंड पांढरंच झालं होतं त्याचं. बायकोने तरुणपणीचा काढला होता." त्यांनी सैल झालेल्या बुटातून पाय बाहेर काढला. "आता तो पुन्हा टाकलाय खाली. पाहायला या. बूट काढून."

"बूट काढून," मी म्हणालो.

मी पाटावर जाऊन बसलो. शेजारी लोकरी मोज्यांवर, नागपूरकराने दिलेल्या आसनावर, भिंतीला टेकून बसले. गुरुजींनी कथा सुरू केली. कथेतला एक शब्दही न कळता ते ती इतक्या एकाग्रतेने ऐकत होते, की मधे मधे गुरुजीही त्यांनाच उद्देशून सांगू लागले. आरतीला त्यांनी टाळ्यांचा ताल अचूक धरला; नागपूरकराला तो कधीच जमत नाही. प्रसादाचा शिरा त्यांनी तळहातावर घेतला, आम्ही खातो तसा खाल्ला, आणि बायकोकडे पाहून विचारले, "आणखी मागितलेलं चालतं का?"

बायकोने त्यांच्याकडे पाहिले, वाटीत शिरा घातला आणि ती बेसमेंटच्या पायऱ्या उतरली. थोड्याच वेळात खालून चिकटपट्टी सुरीने चर्रकन फाटल्याचा आवाज आला. मग दुसऱ्या खोक्याचा. मग कागदात गुंडाळलेल्या स्टीलचा.

"अहो!" ती खालून म्हणाली. "वर्तमानपत्रं किती कोंबलीत यात तुम्ही! ताटं वर न्यायला या. आणि तवा जड आहे, तो तुम्हीच उचला."

मी लगबगीने उठलो आणि पायऱ्या उतरू लागलो. माझ्या पावलांचा आवाज त्या लाकडी जिन्यावर मला फार मोठा वाटला, पण त्याचे कारण सुचण्याआधीच मी खाली पोहोचलो. बायको उघड्या खोक्याशी बसली होती. मांडीवर तवा होता. तिने मला आपादमस्तक न्याहाळले. नजर खाली आली आणि तिथेच थांबली.

शेजाऱ्यांच्या नाड्या सोडण्याच्या नादात माझे स्वतःचे बूट पायांतच राहिले होते. सबंध कथा, आरती आणि प्रसाद, सारे मी बर्फाचे बूट घालून केले होते. वर बसलेल्या कोणीही मला काही सांगितले नव्हते. नागपूरकरानेही नाही; त्याच्या बायकोने त्याला दाबून ठेवले असणार.

"त्यांना दिसलं असेल ना?" मी विचारले.

"न दिसायला काय झालं? आरतीला मी त्यांच्याकडे पाहत होते. ते तुमच्या पायांकडे बघत होते आणि टाळ्या वाजवत होते. का, ते आत्ता कळलं."

"मग बोलले का नाहीत?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून," ती म्हणाली, आणि तवा माझ्या हातात दिला.